वाढदिवसाचा केक आणि घरचा हिशेब

शास्त्रपाठ : मार्क ६:२१-२९, १ राजे १७:८-१६, २ शमुवेल ६:१७-१९

महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरोघरी हिशेबाची वही उघडली जाते. घरभाडे, किराणा, दूध, विजेचे बिल, मुलांच्या शाळेची फी, मंडळीसाठी काढून ठेवावयाचा दशांश ही कलमे तीत ओळीने बसतात. त्याच महिन्यात घरातील एखाद्या लेकराचा वाढदिवस असला तरी केकचे कलम मात्र वहीत क्वचितच आढळते. केकची रक्कम ठरते ती बेकरीच्या काचेच्या कपाटासमोर उभे राहिल्यावर. लेकराचे बोट एखाद्या रंगीत केककडे वळलेले असते, मागे चार गिऱ्हाइके खोळंबलेली असतात, आणि आईबाप किंमत न पाहिल्यासारखे करून मान डोलावतात. त्या एका होकाराची भरपाई पुढे तीन आठवडे भाजीच्या पिशवीतून होत राहते.

अभ्यासलेखासाठी हा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या खर्चाला आपण प्रेमाचे नाव देतो त्याची चौकशी करणे आपल्याला अप्रशस्त वाटते, आणि म्हणूनच तो सर्वांत कमी तपासला जातो. मी हे चेन्नईहून लिहीत आहे. नोकरीनिमित्त येथे आलेल्या मराठी कुटुंबांना आजी-आजोबा, मावशी, काका यांचा आधार जवळ नसतो. वाढदिवसाला घर भरून नातलग येत नाहीत, आणि ती उणीव केकच्या आकाराने भरून काढण्याचा मोह होतो. तेव्हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. केक कोणासाठी घ्यावयाचा, खाणाऱ्यांसाठी की पाहणाऱ्यांसाठी, हे आधी ठरले म्हणजे रक्कम ठरविणे फारसे अवघड राहत नाही.

शब्दाचा मागोवा

भाषांतराचे काम करणाऱ्याला एक खोड लागते. शब्द दिसला की तो उलटून पाहिल्यावाचून त्याला राहवत नाही. १६११ साली प्रसिद्ध झालेल्या किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरात ‘केक’ हा शब्द वारंवार येतो. आपल्या मराठी शास्त्रात त्या जागी कोठे भाकर, कोठे पोळी, तर कोठे ढेप असे शब्द दिसतात. मराठी भाषांतरकारांनी केक टाळला यात नवल नाही. मूळ इब्री शास्त्रात ज्या पदार्थांची नावे आहेत त्यांत लोणी-साखरेचा मऊ केक एकही नाही. दावीदाने लोकांना वाटलेली ‘अशीशा’ ही मनुका दाबून केलेली ढेप. अबीगईलने गाढवांवर लादून नेलेल्या दोनशे ‘दवेला’ या अंजिरांच्या ढेपा; तसल्याच एका ढेपेचे पोटीस हिज्कीया राजाच्या गळवावर बांधले गेले.

याहून गमतीचा शब्द म्हणजे ‘उगा’. मराठी कानाला तो ऐकून हसू येते, विशेषतः खर्चाचा विषय चालू असताना. इब्री भाषेत ‘उगा’ म्हणजे तापल्या दगडावर किंवा निखाऱ्यांवर भाजलेली वाटोळी भाकर. अब्राहामाच्या तंबूशी तीन पाहुणे आले तेव्हा साराने घाईघाईने केल्या त्या उगाच. मिसर सोडून निघालेल्या इस्राएलांनी बेखमीर कणकेच्या भाजल्या त्याही उगाच. रतामाच्या झुडपाखाली झोपलेल्या एलीयाच्या उशाशी ठेवलेली तीही उगाच. आज इस्राएलमध्ये लेकरू मेणबत्त्या फुंकते त्या केकलाही हाच शब्द वापरतात. निखाऱ्यावरच्या भाकरीपासून साखरेच्या फुलांपर्यंत पदार्थ पार बदलला, तरी नाव तेच राहिले.

शास्त्रातील वाढदिवस

वाढदिवसाचा स्पष्ट उल्लेख शास्त्रात दोन ठिकाणी येतो, आणि दोन्ही ठिकाणी तो राजाचा आहे. उत्पत्ती ४० मध्ये फारोने आपल्या वाढदिवशी सेवकांना मेजवानी दिली. त्याच दिवशी प्यालेबरदार आपल्या जागी परत आला आणि आचारी फासावर गेला. मार्क ६ मध्ये हेरोदाचा वाढदिवस आहे, आणि त्या दिवशी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर तबकात आले. तिसऱ्या शतकातील ओरिगेन या शास्त्रपंडिताने या दोन प्रसंगांवर बोट ठेवून, वाढदिवस पाळणारे ते पापीच, असे प्रतिपादन केले होते. ईयोबाच्या पहिल्या अध्यायातही त्याचे पुत्र ‘आपापल्या दिवशी’ मेजवानी करीत असे म्हटले आहे. तिसऱ्या अध्यायात ईयोब ‘आपल्या दिवसाला’ शाप देतो तो जन्मदिवसालाच. त्यावरून या मेजवान्याही वाढदिवसाच्याच असाव्यात असे काही भाष्यकार मानतात. तसे असेल तर त्या घरचा एक तपशील लक्षात घेण्याजोगा आहे. भाऊ आपल्या तिन्ही बहिणींना जेवायला बोलावीत.

ओरिगेनचे मत फार कडक आहे असे मला वाटते. हेरोदाच्या गोष्टीत दोष वाढदिवसाचा नाही. सर्व घोटाळा झाला तो पाहुण्यांदेखत दिलेल्या वचनामुळे. सरदार, सहस्रपती आणि गालीलातील प्रमुख लोक पंगतीला बसलेले असताना त्याने अर्ध्या राज्यापर्यंत काहीही देण्याची शपथ वाहिली. मागणी ऐकून तो फार खिन्न झाला, असे मार्क सांगतो. तरीही त्याने नकार दिला नाही, आणि त्याची दोन कारणे मार्क नोंदवितो : वाहिलेली शपथ, आणि पंगतीला बसलेली माणसे. ग्रीक वाक्यात ही दोन्ही कारणे एकाच शब्दयोगी अव्ययाने जोडलेली आहेत, जणू दोहोंचे वजन सारखेच. नको असलेली गोष्ट चार माणसांसमोर नाकारता येत नाही म्हणून करणे, हा रोग राजवाड्यात प्राणघातक ठरला. आपल्या घरी तो उधारीपुरता राहतो, परंतु रोग तोच.

केकवर वयाइतक्या मेणबत्त्या लावण्याचा एक जुना उल्लेख ख्रिस्ती इतिहासातच सापडतो. १७४६ साली जर्मनीत मोरावियन मंडळीचे पुढारी काउंट त्सिंट्सेनडोर्फ यांच्या वाढदिवसाचा सोहळा झाला. भट्टीत मावेल तेवढा मोठा केक, आणि त्याला भोके पाडून वर्षांच्या संख्येइतक्या रोवलेल्या मेणबत्त्या, असे त्याचे वर्णन आहे. ते लिहून ठेवणारा गृहस्थ त्या मंडळीच्या राहणीचा टीकाकार होता, हेही नमूद केले पाहिजे.

विधवेचा हिशेब

सारफथच्या विधवेच्या गोष्टीवर आपण बहुधा दानाचे उपदेश ऐकतो. मला तिच्यात घरखर्चाचा हिशेब चोख ठेवणारी बाई दिसते. एलीयाने भाकर मागताच तिने शिल्लक सांगितली : मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडेसे तेल, सरपणाच्या दोन काड्या. खाणारी तोंडेही सांगितली : मी आणि माझा मुलगा. त्यात लाज नाही आणि फुगवणेही नाही. पाहुणा संदेष्टा आहे म्हणून तिने मूठभराचे पायलीभर केले नाही.

एलीयाच्या उत्तरातील एक विशेषण वाचताना सहज निसटते. त्याने ‘आधी माझ्यासाठी’ असे म्हटले हे सर्वांच्या ध्यानात राहते. परंतु त्याने मागितली ती ‘उगा कतन्ना’, म्हणजे लहानशी भाकर. देवाचा निरोप घेऊन आलेल्या माणसाने यजमानिणीची शिल्लक ऐकून आपली मागणी तिच्या मुठीएवढी केली. पुढे जो चमत्कार झाला तोही मापातलाच. पिठाचे पोते दारात येऊन पडले नाही. मडक्यातले पीठ सरले नाही, एवढेच.

यावरून घरी करावयाची पहिली गोष्ट स्पष्ट होते. वाढदिवसाच्या पंधरा दिवस आधी दोन आकडे कागदावर लिहावे : केकसाठी किती रुपये आहेत, आणि खाणारे किती आहेत. लेकरू सहा-सात वर्षांचे असेल तर त्याला दोन्ही आकडे सांगावे. मुलाला पैशांची चणचण कळू नये म्हणून आपण फार जपतो. पण त्याला ती कळतेच, फक्त आपल्या चेहऱ्यावरून कळते, आणि तसे कळणे अधिक दुःखद असते. ‘तुझ्या केकसाठी हजार रुपये ठेवले आहेत’ हे वाक्य लेकराला कमीपणाचे वाटत नाही. स्वाद कोणता, रंग कोणता, वर काय लिहावयाचे, हे त्या हजारात त्यालाच ठरवू द्यावे. येथील बेकरीत नाव इंग्रजीत किंवा तमिळमध्ये लिहून देतात. देवनागरीत हवे असेल तर ते मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून न्यावे, म्हणजे कारागिराला पाहून ते गिरवता येते.

चेन्नईच्या बेकरीत

मद्रास इलाख्याचे केकशी नाते जुने आहे. त्या काळी या इलाख्यात असलेल्या तलश्शेरी गावी मांबळ्ळी बापू यांनी १८८३ साली ब्राउन नावाच्या मळेवाल्या साहेबासाठी नाताळचा केक भाजला, तो भारतातील पहिला, असे सांगतात. साहेबाने विलायती केकचा नमुना दाखविला होता. बापूंनी विलायती दारूऐवजी स्थानिक फळांची दारू वापरली. हाताशी होते त्यात त्यांनी काम भागविले, ही गोष्ट आपल्या विषयाला धरूनच आहे. चेन्नई शहरात वेपेरी भागातील स्मिथ फील्ड बेकरीची सुरुवात १८८५ सालची, तर मॅक्रेनेट या नावाची १९०३ सालची.

वेपेरी म्हटले की माझ्यासारख्याला बेकरीआधी आठवतात ते योहान फिलिप फाब्रिशियस. हे जर्मन मिशनरी १७४२ साली मद्रासेत आले. येथेच त्यांनी शास्त्राचे तमिळ भाषांतर केले. वेपेरीच्या छापखान्यातून १७७२ साली त्यांचा नवा करार बाहेर पडला आणि १७७९ साली तमिळ-इंग्रजी कोश. इतका सूक्ष्म शब्दपारखी माणूस पैशांच्या व्यवहारात मात्र कच्चा होता. व्याजी लावलेले पैसे परत आले नाहीत आणि उतारवयात त्यांना कर्जापायी तुरुंगवास घडला. १७९१ साली ते वारले. मनाने सज्जन असणे आणि हिशेब जमणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या परिसरातून जाताना मला दर वेळी जाणवते.

आता प्रत्यक्ष खरेदीकडे वळू. केकच्या किमतीत पीठ, साखर, अंडी यांचा वाटा लहान असतो; मोठा वाटा कारागिराच्या वेळेचा आणि सजावटीचा असतो. कार्टूनमधील पात्रांच्या आकाराचे केक बहुधा साखरेच्या घट्ट पापुद्र्यात मढविलेले असतात. हा पापुद्रा वजनाला जड. म्हणून अशा एक किलो केकमध्ये खरा केक किलोपेक्षा बराच कमी असतो, आणि मुले तो पापुद्रा पुष्कळदा बशीतच टाकून देतात. शिवाय असले केक अमुक वजनाखाली करून मिळत नाहीत. साधा स्पंज आणि वर क्रीम, असा केक मात्र अर्ध्या किलोपासून मिळतो. दुकानात ‘अरै किलो’ म्हटले की अर्धा किलो कळतो. अंडे नको असेल तर ‘मुट्टै इल्लामल’ म्हणावे, परंतु बिनअंड्याच्या केकला थोडे अधिक पैसे पडतात हे धरून चालावे. येथील दमट उकाड्यात क्रीम लवकर ढासळते. दुपारी उन्हातून आणण्यापेक्षा केक संध्याकाळी कापण्याच्या तासभर आधी आणावा.

वजनाविषयी विचारण्यास संकोचू नये. अनुवाद २५:१३ मध्ये थैलीत दोन प्रकारची वजने ठेवण्यास मनाई आहे. इब्रीत तेथे ‘दगड आणि दगड’ एवढेच शब्द आहेत, कारण वजने दगडाचीच असत. आजचा दगड म्हणजे केकखालचा पुठ्ठा आणि भोवतीचा खोका. सांगितलेले वजन त्यांच्याशिवायचे आहे ना, हे शांतपणे विचारणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. तसेच केकवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. बिलावर तो तपासून पाहावा. घरी केक करून विकणाऱ्या भगिनींकडून घ्यावयाचा असेल तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडील त्यांचा १४ अंकी नोंदणी क्रमांक विचारावा.

एक उदाहरण मांडून पाहू. यातील भाव केवळ हिशेबापुरते धरले आहेत. समजा, पेरांबूरला रेल्वेच्या डबे बांधण्याच्या कारखान्यात बदली होऊन आलेले एक कुटुंब आहे. त्यांनी केकसाठी हजार रुपये ठेवले आहेत. बारा मुले आणि चार मोठी माणसे येणार. इमारतीचा पहारेकरी आणि घरकाम करणाऱ्या बाई यांचे दोन वाटे धरून अठरा तुकडे लागतील. नहेम्याच्या काळी आनंदाच्या दिवशी ज्यांच्या घरी काही शिजलेले नाही त्यांनाही वाटे पाठविण्यास लोकांना सांगितले होते. तेव्हा हे दोन वाटे उरले तर द्यावयाचे नाहीत, ते आधीच मोजावयाचे. कार्टूनचा केक १,४०० रुपये किलो आणि किमान दीड किलो घ्यावा लागणार असेल, तर २,१०० रुपये आणि कर १०५, म्हणजे २,२०५. ठेवलेल्या रकमेच्या दुपटीहून अधिक. साधा क्रीमचा केक ७०० रुपये किलोचा घेतला तर करासह ७३५ रुपयांत प्रत्येकाला सुमारे ५५ ग्रॅमचा तुकडा येतो, आणि सोबत चिवडा-सरबत असेल तर लहान मुलाला तेवढा पुरतो.

तिसरा मार्ग मला अधिक पसंत आहे. कापण्यासाठी अर्धा किलोचा केक घ्यावा, ३५० रुपयांचा. त्याच्या जोडीला तमिळनाडूच्या बेकऱ्यांत मिळणाऱ्या ‘हनी केक’च्या अठरा वड्या घ्याव्या. पाकात भिजविलेला स्पंज, वर जॅमचा थर आणि खोबऱ्याचा कीस, असा हा पदार्थ मुलांना फार आवडतो. पंधरा रुपयांप्रमाणे २७० झाले; एकूण ६२० आणि कर ३१, म्हणजे ६५१. मेणबत्त्या फुंकण्याचा सोहळा होतो, प्रत्येकाच्या तोंडात घासभर केक पडतो, हातात एक वडी येते, आणि ३४९ रुपये शिल्लक राहतात.

घरीच केक करणाऱ्यांसाठी जुना पाउंड केकचा हिशेब सोपा आहे : मैदा, साखर, लोणी आणि अंडी समभाग. प्रत्येकी पाव किलो घेतले, अंडी सुमारे पाच, की किलोभर मिश्रण होते. यात सर्वांत महाग लोणी; त्यातले निम्मे कमी करून गोडेतेल घातले तरी केक बिघडत नाही. भट्टी नसेल तर जाड बुडाच्या कुकरमध्ये मिठाचा किंवा वाळूचा थर देऊन, शिटी आणि रिंग काढून, मंद आचेवर केक भाजता येतो. पूर्वी पुण्यास, नगरला नाताळापूर्वी आपल्या बायका नानकटाईचे पीठ घरी मळून शेजारच्या बेकरीत भाजून आणीत. सामान घरचे आणि भट्टी दुकानाची, ही वाटणी आजही कोणी पत्करील तर चांगलेच.

सर्वांना एकेक

एका गोष्टीचा उल्लेख केल्याशिवाय हा विषय सोडता येत नाही. काही मंडळ्यांतून रविवारच्या शाळेत मुलाच्या वाढदिवसाचा केक आईबापांनी आणावा असा प्रघात पडला आहे. सुरुवात हौसेने होते. एकाने एक किलो आणला की दुसरा दीड किलो आणतो. फोटो काढले जातात, ते सर्वांच्या मोबाइलवर जातात. मग ज्याच्या बापाचे काम सुटले आहे ते मूल आपल्या वाढदिवसाच्या रविवारी ‘पोट दुखते’ म्हणून घरी राहते. शिक्षिकांना कारण ठाऊक असते, पण बोलायचे कोणी? हेरोदाच्या पंगतीतील ‘बसलेली माणसे’ येथे आपणच असतो.

कराराचा कोश यरुशलेमेत आणल्यावर दावीदाने केलेली वाटणी येथे उपयोगी पडते. सर्व लोकांना, स्त्रियांना आणि पुरुषांना, एकेक भाकर, एकेक तुकडा आणि मनुकांची एकेक ढेप. हा मधला ‘तुकडा’ मांसाचा की खजुराचा यावर भाषांतरकारांत एकमत नाही, कारण तो इब्री शब्द येथे आणि १ इतिहास १६:३ या समांतर वचनातच आढळतो. ‘एकेक’ याविषयी मात्र कोणालाच शंका नाही. इब्रीत तो शब्द प्रत्येक पदार्थापाशी पुन्हा येतो.

ज्या मंडळ्यांनी हा प्रश्न सोडविला त्यांनी तो याच मार्गाने सोडविला. महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्या महिन्यातील सर्व वाढदिवसांचा मिळून एकच केक, रविवारच्या शाळेच्या निधीतून. ज्याला अधिक द्यावयाचे असेल त्याने ते दानपेटीत नाव न लिहिता टाकावे. केकवर कोणाचेही नाव नसते. त्या महिन्यात जन्मलेली सर्व मुले सुरीला हात लावतात आणि फुंकर सर्वांत धाकटा घालतो. तुकडे मात्र आधी मुलांची हजेरी मोजून शिक्षिकेने पाडावे, आणि त्या दिवशी आजारी असलेल्यांचे तुकडे डब्यात घालून कोणीतरी त्यांच्या घरी पोहोचवून यावे.